भात जास्त

पोरगा पनवेलहून आला होता, काखेत अल्बम.
प्लास्टिकची पानं, एकेका खणात एकेक नोट.
म्हणाला, मावशी, ही जर्मनीतली, एकोणीसशे तेवीसची.
पाच कोटी.
मी कणकेचे हात पुसले, उलटून पाहिली.
पाच कोटींची पाठ कोरी होती.

मागं का नाही छापलं?
वेळ कुठला, शाई वाळेस्तोवर भाव चढायचा.
सरकारी नोट गावात पोचेपर्यंत तिची रद्दी,
मग गावानंच छापल्या आपल्या आपण,
नगरपालिकेनं, एखाद्या कारखान्यानं,
खाली नगराध्यक्षाची सही.
सही तेवढी सावकाश केलेली वाटली.

म्हटलं, असं आम्हीही केलंय.
तुर्भ्यात, कांदा-बटाट्याच्या मागच्या गेटाला.
त्या नोव्हेंबरात आमच्याकडं भाव नव्हता चढला,
नोटच गेली होती.
ट्रक उभे, कांद्याला कोंब,
माथाडी पोरं सकाळपासून नुसत्या चहावर.
तिसऱ्या दिवशी वसनजी दिवाणजी गाळ्यातून उतरले
आणि वजनाच्या पावत्या पालथ्या घालून
जांभळ्या शाईत लिहू लागले :
रुपये चाळीस.
गाळ्याचा शिक्का. शेपटीवाली सही.

ती चिठ्ठी माझ्याकडं चालली,
माझ्याकडून पिठाच्या गिरणीत,
गिरणीवरून न्हाव्याकडं,
आणि एकदा सेक्टर एकवीसच्या दवाखान्यात.
डॉक्टरीणबाईंनी उजेडात धरली,
गांधीबाबा शोधतात तशी,
मग हसल्या, खणात टाकली.

पुढं दिवाणजींनी रुपये लिहिणं सोडलं.
'एक जेवण' लिहायचे.
ज्याचं पोट मोठं त्याला 'भात जास्त'.
पोरगा सरळ बसला. जर्मनीतही म्हणे एका मुलखानं
पैशाऐवजी नोटेवर धान्य लिहिलं. राय.
राई? मोहरी?
नाही मावशी, राय. त्यांच्या पावाचं धान्य.
मग बरोबर आहे, म्हटलं.

जानेवारीत दिवाणजींनी वही काढली.
एकेक चिठ्ठी मोजून घेतली, रोख दिली,
कपटे माझ्याच शेगडीत.
लिहिलेल्या दोनशे अकरा, आल्या दोनशे दहा.
त्या एकीपायी म्हातारा आठवडाभर झोपला नाही.
मी बोलले नाही.

ती ही. डाळीच्या डब्यातली, कडेला हळद.
आनंदा साळेकरनं दिलेली, एसटीची घाई होती त्याला.
ठेव मावशे, जावळीला जाऊन येतो, आल्यावर जेवतो.
न जेवलेल्या जेवणाचे पैसे
मी कुठल्या तोंडानं मागणार होते?

पोरानं पाचशे काढले. मग हजार.
मी विचारलं, त्या पाच कोटींच्या गावात
राहिलेल्या नोटा घेतल्या का रे कुणी परत?
माहीत नाही म्हणाला. नोटेवर मुदत असते मावशी,
मुदत गेली की संपलं.

चष्मा लावून मी पुन्हा वाचली.
मुदत लिहिलेली नाही.
एक जेवण, भात जास्त,
एवढंच.