सात नंबरचं मीटर

महिन्याच्या एक तारखेला
कानावर पेन्सिल खोचून
मी सबमीटर बघत फिरतो.
शिरोलीच्या अंगाला, फाउंड्रीच्या भिंतीला लागून
सतरा गुंठं रान.
सासऱ्यानं ऊस लावला हुता,
नवऱ्यानं खोल्या लावल्या.
बारा खोल्या, बारा मीटरं,
संडास दोन, नळ एक,
आणि नळाखाली कायम काळी वाळू,
माणसांच्या अंगावरनं उतरलेली.
ताराबाई पार्कातल्या गाड्यांच्या पोटात
हितलंच लोखंड असतंय म्हणं.
वाळू मात्र हितंच ऱ्हाती.

एक नंबरात मुंगेरची चार पोरं,
अंथरुणं दोन.
रातपाळी येती तवा दिवसपाळी उठती,
चादर कधी गार पडत न्हाई.
चार नंबरात रामदुलार, भट्टीवर बारा वर्सं,
भाडं द्यायला आला की वरडून बोलतो,
जशी माझ्याच कानात वाळू गेलीया.
नऊ नंबरला कुलूप,
तरी मीटरचा तांबडा दिवा लुकलुकतोय.
बल्ब चालू ठिवून गेलं शहाणं.

सात नंबरात सोनामुनी. दुमक्याची.
आली तवा तिला दोनच शब्द यायचं,
पाणी आणि किती.
म्हटलं, म्हशीचं दूध घे, पावशेर, उधार.
नको म्हणाली. ते रेडकाचं.
मी हसलो.
आणि त्या सांजंला धार काढताना
एक सड रेडकाला जास्त सोडलं.
(आठवडाभरच. खोटं कशाला बोलू.)

मराठी तिला मीच शिकवली,
नळावर, भांडी घासता घासता.
दिवाळीला पुण्याची जाऊ आली हुती,
तिच्या म्होरं सोनामुनी म्हणाली,
"मावशी, मी जातो. भात टाकून आलो मी."
जाऊ तोंडाला पदर लावून हसली.
"अगं, बाईमाणसानं जाते म्हणावं."
सोनामुनीनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, मीबी जातोच म्हणतो,
माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची,
कोल्हापुरात आम्ही बायका
अशाच येतो आणि अशाच जातो.
तवा ती भांडं उपडं घालत म्हणाली,
आमच्या बोलीत बाई गेली काय, बाप्या गेला काय,
जाणं एकच.

फाउंड्रीत वितळल्या लोखंडाला
रस म्हणत्यात.
आमच्या गुऱ्हाळातबी रसच हुता.
जानेवारीत लखिंदरच्या पायावर रस सांडला.
ठेकेदारानं आठ दिवस पैसं दिलं,
नवव्या दिवशी दुसरा माणूस दिला,
म्हंजे फाउंड्रीला.
सोमवारी, सुट्टी बघून, दोघं निघाली.

डिपॉझिट हजार.
भिंतीत खिळं मोजलं, सहा.
एकाला पन्नास धरलं,
तीनशे कापलं.
तिनं नोटा मोजल्या न्हाईत,
पदरात बांधल्या
आणि लखिंदरच्या काखेत खांदा दिला.
मीटर चार हजार तीनशे अठरा.

अठरा-वीस दिवसांनी फोन.
नंबर वळकीचा न्हवता.
"मावशी, मी पोचलो."
कुठं गं?
"तिरुपूर. शिलाईच्या कारखान्यात.
त्यो बसून बटणं लावतो."
पैशाचं काय बोलली न्हाई.
म्हैस व्याली का इचारलं.
म्हटलं, व्याली, पारडी झाली.
मग तिकडनं भोंगा वाजला.

आता सात नंबरात गंजामची दोघं हाईत.
आल्या आल्या त्यांनी
सहाच्या सहा खिळ्यांना शर्ट अडकवलं.
मी दारात हुबा ऱ्हाऊन बघितलं.
खिळ्याचं तोंडावर आलं हुतं,
गिळलं.
चार हजार तीनशे एकसष्ट.
वजा अठरा, त्रेचाळीस युनिट, गुणिलं दहा.
वहीत सातच्या म्होरं नाव सोनामुनीचंच हाय,
खोडायला पेन्सिल उलटी केली
तर मागचं रबर कवाच झिजलेलं.

आठ नंबरातनं हाक आली,
आंटी, लाईट गई.
आलो, म्हटलं.
आलो रं.