बॉब नेमका कोण

हॅलिफॅक्सच्या घरातला बॉयलर
ऐन जानेवारीत रुसला.
क्लाइव्ह आला. न सांगता बूट दारात काढले.
"हा काळा नळ अर्धा फिरवायचा,
काटा दीडवर आला की बंद.
अँड बॉब्ज युअर अंकल."

मी वहीत उतरवून घेत होते.
नळ. अर्धा. दीड.
बॉबपाशी पेन अडलं.

अंकल म्हणजे कोणता?
आमच्यात असं मोघम चालत नाही.
काका म्हणावं, तर शनिवारवाड्यापासून
काकांना हाक मारायची जरा धास्तीच.
मामा म्हणावं, तर तो लोक बनवतातसुद्धा.
आत्याचे यजमान पंगतीपुरते,
मावशीचे कायम दौऱ्यावर.

क्लाइव्ह पाना पुसत हसला.
बॉब कुणीच नाही म्हणाला.
म्हणजे, की झालं. एवढंच.
त्याचे आजोबाही म्हणायचे,
कोण हा बॉब, ते त्यांनाही
कुणी विचारलं नव्हतं.

"की झालं"ला यांना माणूस लागतो?
आम्ही नुसते हात झटकतो.

पहाटे चारला काटा पुन्हा शून्यावर.
हे रात्रपाळीला. मी स्वेटरवर स्वेटर,
टॉर्च दातांत.
अर्धा फेरा. पाण्याची सुरसुर.
एक.
सव्वा, सव्वावरच कितीतरी वेळ,
मग दीड.
आत कुठेतरी धप्प करून ज्योत धरली.

सकाळी वही उघडली,
बॉबसमोरचं प्रश्नचिन्ह खोडलं,
लिहिलं:
मामा. आईकडचा.