कालचं उत्तर

ओउलूमध्ये दुपारी अडीचलाच दिवे लागतात,
आणि व्हिएनोचं यंत्र अजून विचारतच असतं:
तुला कोण लागतं? त्याला कोण? कितव्या आवृत्तीचं?
चारशे बारा नावं.
एकाची पत्रिका दुसऱ्याशी जुळली
की तिसरं रुसून बसतं,
मग पुन्हा पहिल्यापासून.
एकोणीस मिनिटं. दिवसातून वीसदा.
स्वल्पविराम हलला तरी.

इल्पो म्हणायचा, होऊ दे की,
तेवढ्यात माझ्या मोज्याची एक टाच विणून होते.

व्हिएनोला ते पटायचं नाही.
तिने अख्ख्या यादीचा एक ठसा काढला,
ठशाखाली उत्तर ठेवून दिलं:
यादी तीच असेल तर कुणाला उठवू नकोस,
काल ठरलं तेच दे.
एकोणीस मिनिटांची बावीस सेकंदं झाली.
इल्पोचा मोजा टाचेवरच अडकला.

फेब्रुवारीत कुणीतरी यादीत एक नाव वाढवलं.
ठसा बदलला. यंत्र पुन्हा दारोदार निघालं
आणि दोनशे सातव्या दाराशी थबकलं.
इथे कुणी राहत नाही.

काम तसं किरकोळ होतं, तारखा नीट मांडायचं.
चाळीस ओळी. लिहिणारा क्लाक्सविकचा कुणी हानुस,
त्याने नोव्हेंबरातच चौकटीसकट दार उतरवून नेलेलं.
म्हणजे तीन महिने आम्ही
नसलेल्या घरातून पाणी भरत होतो.
आणि पाणी गोड होतं.

"कॅश पुसून टाकू," नवा पोरगा म्हणाला,
"एकदाचं सगळं स्वच्छ होईल."
व्हिएनोने त्याचा हात माउसवरून उचलला,
अलगद, झोपलेलं मांजर उचलावं तसा.

मग ती त्या ओळी उघडून वाचत बसली.
आमच्यापैकी कुणीच कधी वाचल्या नव्हत्या.
एकतिसाव्या ओळीपाशी टीप होती:
एकोणतीस फेब्रुवारी मी स्वतः रात्री जागून तपासली आहे.
निर्धास्त राहा.

तिने त्या आमच्या भांडारात ठेवल्या, त्याच्या नावासकट.
हानुसला दोन वाक्यांचं पत्र लिहिलं.
उत्तर अजून आलेलं नाही.

यंत्र सुरू केलं. या खेपेला
सगळ्यांना नव्याने विचारणं भागच होतं.
इल्पोने खण उघडला, सुया काढल्या.
किती टाके झाले होते
ते त्याला मोजावं लागलं नाही.