नाकाच्या पुढे

बोट दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली
तेव्हा तिच्यात आम्ही चार माणसं, एक मेंढा
आणि पावाचे सोळा ट्रे.
मेंढ्याला जागा आधी मिळाली.

धक्क्यावर ओसला उभी होती, टपालाच्या लाल गाडीला टेकून.
वय एकाहत्तर. हातात दोन काठ्या.
एक माझ्याकडे देत म्हणाली,
ही टेकायला नाही.

आमच्याकडे याला भूशिर म्हणतात, मी सांगितलं,
जमिनीचं डोकं.
इथे नेस, ती म्हणाली. नाक.
मला हसू आलं. लहानपणापासून ऐकत आलेली मी,
पोरीनं कसं नाकासमोर चालावं,
आणि इथे नाकासमोर
दीडशे मीटर खाली उकळतं पांढरं पाणी,
मग काही नाही, मग काही नाही,
मग बर्फ.

वारा असा की वाक्यं अर्धीच पोचतात.
ती बोलते, मी तिसरा-चौथा शब्द पकडते:
भाऊ... अडुसष्ट साली... वही...
बाकीचं तो घेऊन जातो
मागच्या मेंढ्यांना सांगायला.

माळ सुरू झाला तशी तिनं काठी डोक्यावर उभी धरली.
तूही धर. बाँक्सी अंगावर येतो
तो सगळ्यात उंच जे असेल त्यावर.
काठी उंच असली की डोकं वाचतं.
मी धरली. निघालो दोघी
ओल्या तपकिरी गवतातून,
कापड उडालेल्या छत्र्या घेतल्यासारख्या.

कोणी आलं नाही.

खांदा भरून आला. मी हात बदलला.
ओसलानं बदलला नाही.
दोन उन्हाळ्यांपूर्वी, ती म्हणाली,
आणि वारा नेमका तेव्हाच पडला,
म्हणून पुढचं सगळं ऐकावं लागलं:
तळ्यात पंख पसरून पडलेले, माना पाठीवर वळलेल्या,
ती आणि शेजारचा हाकोन,
पांढरे झगे, मास्क, खताची रिकामी पोती.
पक्षी मोजवेनात,
म्हणून शेवटी पोती मोजली.

वही तिनं छातीशी, स्वेटरच्या आत ठेवलेली.
दर साली एक ओळ, ओळीत एक आकडा.
आधी भावाचं तिरकं अक्षर,
मग एका वर्षी अचानक तिचं, गोल.
गेल्या वर्षीपुढे कोरी जागा.
शून्य लिहायला पेन उघडलं होतं, म्हणाली,
शाई गोठलेली.
जूनमध्ये?
जूनमध्ये.

टोकाच्या अलीकडे जमिनीत एक विहीर आहे
काठ नसलेली, तळाशी समुद्र.
लाट आत शिरली की पायाखाली
कुणीतरी जड कपाट सरकवतं.
मी वाकून बघायला गेले तर कपारीतून
फुल्मार थुंकला, नारिंगी तेल, थेट बाहीवर.
हा वास आता जायचा नाही,
ओसला म्हणाली, अगदी आनंदानं.

मग ती दुर्बीण लावायला थांबली.
काठी खाली, गवतात.
दक्षिणेच्या कड्यावर ओठ हलवत काही मोजत होती,
गिलेमॉट असतील,
मी बाही पुसत होते, म्हणून मला दिसलं नाही.
फक्त एक आवाज, चादर झटकल्यासारखा,
आणि ओसलाची टोपी कड्याबाहेर,
क्षणभर वाऱ्यावर बसल्यासारखी,
मग नाही.

तिचे पांढरे केस सगळे उभे.
कपाळावर बारीकशी रक्ताची रेघ.
तो तपकिरी, जड, वर वळत होता पुन्हा,
आणि ती हसत होती, ओरडत होती त्याच्याकडे बघून
त्यांच्या बोलीत, मला एक अक्षर कळलं नाही.
वही काढली. पेन झटकलं.
तीन सालं एकाखाली एक होती;
तिनं मधली तशीच सोडून
आजच्या ओळीत लिहिलं: एक.
घरटं असेल तर दोन, पुटपुटली, पण ते उद्या.

परत येताना मी माझी काठी
तिच्या उघड्या डोक्यावर धरली.
तिनं ती हातानं बाजूला सारली.