सेवा क्षेत्राबाहेर

किनवटच्या बसस्टँडसमोर तीन कुरिअरवाले झाले,
पाट्या एकमेकींना खेटून.
पहिल्यानं चाळीस लिहिलं की दुसरा पस्तीस लिहितो,
तिसरा आकडाच लिहीत नाही,
म्हणतो, बोला, जमवून घेऊ.
नांदेडपर्यंत. हैदराबादपर्यंत.
गाडी जाते तिथवर.

डांबर संपतं तिथं माझं शाखा डाकघर.
दर भिंतीवर, दिल्लीत ठरलेला,
खळीनं चिकटवलेला,
एक कोपरा झुरळांनी खाल्लाय.
त्यात मला पैसाही इकडचा तिकडं करता येत नाही,
सासऱ्याचं पत्र असलं तरी.

दुपारी मुदस्सिर आला, मधल्या पाटीचा पोरगा,
हेल्मेट काखेत, भुवया धुळीनं पांढऱ्या.
काउंटरवर एक डबा ठेवला.
"व्यंकटीकाका, हे तुमच्याकडून जाऊ द्या.
खेमा नाईक तांडा.
आमच्या मशिनीत दाखवलालंय, सेवा क्षेत्राबाहेर."
डब्यावर त्याच्याच कंपनीचं स्टिकर,
घेतलेले पैसे ठसठशीत.
मी वाचलं.
तो पंख्याकडं बघत राहिला.

चारशे दहा ग्रॅम.
हलवलं तर गोळ्यांच्या पाकिटांसारखं वाजलं.
मी दर सांगितला, त्यानं खिसा चाचपला.
"एवढ्यातच? मग आमच्या शेठला कसं परवडत नाही?"

परवडत मलाही नाही, बाबा.
चार तासांची नोकरी, सायकल घरची,
शेवटचे तीन किलोमीटर पायी,
नाल्यावरचा पूल मंजूर होऊन
माझी मुलगी दहावी झाली.
पण मी लागलो तेव्हा एवढंच शिकवलं होतं:
पत्ता आहे ना, मग पत्र जाईल.
अर्ध्या रुपयाच्या कार्डाला
नांदेड काय, कोहिमा काय, तांडा काय,
भाव एकच.
म्हणजे रस्त्याकडेच्यानं थोडं जास्त भरलं,
नाल्यापलीकडच्यानं थोडं कमी,
आणि दोघांनाही ते कधी कळलं नाही.
आता रस्त्याकडेचे गेले पस्तीसवाल्याकडं.
माझ्याकडं नाले राहिले.

तपासणीला साहेब म्हणाले होते,
स्पर्धा आहे, व्यंकटी, धंदा आणा.
घ्या, आणला.

उन्हं कलताना शेवंताबाई आडेच्या दारात पोचलो.
बकरीनं चपलेचा वास घेतला.
अंगठा उठवताना बाई म्हणाली,
"पैशे किती द्यायचे?"
"भरलेत."
"पोरानं? पुण्याहून?"
पोरानं भरले, मग मुदस्सिरनं भरले,
थोडे कुणीतरी कोहिमातल्यानंही भरले असतील.
"हो," म्हणालो, "पोरानंच."

तिनं पाणी दिलं. डबा तिथंच फोडला,
गोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

परत येताना नाल्यात चप्पल हातात घेतली
तेव्हा खिशात काहीतरी वाजलं.
मुदस्सिरचे सुट्टे दोन रुपये.
गडबडीत द्यायचे राहिले होते.
उद्या तो येईलच.