पूर्ण बाह्यांचा शर्ट

खाण बंद पडली तेव्हा त्याला तीन गोष्टी मिळाल्या:
एक पत्र, एका महिन्याचा पगार,
आणि कुणी परत न मागितलेला हा शर्ट.
खाकी, पूर्ण बाह्यांचा,
खिशावर कंपनीच्या नावातली दोनच अक्षरं उरलेली.
कितीही धुतला तरी शिवणींतून
तांबडी धूळ अजून निघते.

एप्रिलात मी तो म्हाळूला घालते.
म्हाळू सात वर्षांची, शर्ट पोटऱ्यांपर्यंत.
बाह्या चारदा दुमडते,
मग आठवून दोन घड्या पुन्हा सोडते,
मनगटंही तिचीच आहेत.

सत्तरीच्या डोंगरावर ऊन दोनदा लागतं:
एकदा आभाळातून, एकदा जांभ्याच्या कातळावरून.
काजूखाली सावली असते, पण बोंडू पडतात
नेमके सावलीच्या कडेला.

वाळपईच्या इस्पितळात मी फरशी पुसते.
लहान मुलांच्या वॉर्डच्या दाराशी एक कागद चिकटवलाय:
अकरा ते चार मुलांना उन्हात नेऊ नये.
सैल सुती कपडे. भरपूर पाणी.
रोज त्याच्यावरची धूळ काढते, मला तो पाठ आहे.
रविवारी आम्ही पहाटे पाचला निघतो, बॅटरी घेऊन.
तरी डोंगरावर अकरा वाजतातच.

मागच्या वर्षी तिची मान सोलली,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.
तिनं एक तुकडा वहीत चिकटवला
आणि खाली लिहिलं, मी.

वाटेत प्रेमावती भेटली. म्हणाली,
"काळी जातली गो तुझी चली."
"काळी होऊ दे," मी म्हटलं, "भाजायला नको."
ती काही बोलली नाही.
डोक्यावरची पाटी धरलेले तिचे हात
बोटांपासून मनगटापर्यंत डागलेले, बियेच्या तेलानं.

म्हणून बी पिळताना म्हाळूला जवळ येऊ देत नाही.
तिला मोजायचं काम दिलंय, फणसाखाली बसून.
दोनशेच्या पुढे चुकते,
कुणावर न रागावता परत एकपासून सुरू करते.

सिस्टर पिएदादनं एक ट्यूब दिली होती,
औषधवाल्यानं नमुना म्हणून ठेवलेली, अंगठ्याएवढी.
"दर दोन तासांनी लाव," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी त्या ट्यूबकडे बघून हसलो.

तिसऱ्याच दिवशी म्हाळूनं त्यातली अर्धी
पाडीच्या गुलाबी नाकाला फासली.
"तिला कुठं शर्ट आहे?"
मला रागवायचं होतं.
पाडी जीभ बाहेर काढून सगळं चाटून बसली.

रात्री तिची पाठ उघडी करून बघते.
घामोळं मानेखाली, काखेत, कमरेच्या नाडीपाशी.
सासू म्हणते खोबरेल, सिस्टर म्हणते तेल नको.
मी ओला पंचा फिरवते आणि
वीज असेल तर पंख्याखाली उताणी नको, पालथी झोपवते.
खाजवू नको म्हटलं की ती खाजवते.
म्हणून तिची बोटं हातात धरून ठेवते
झोप लागेपर्यंत, माझी किंवा तिची.

काल ट्यूब संपली. मी ती कात्रीनं उभी कापली.
आत नखाएवढं पांढरं होतं.
तिची गालफडं पुढे येतील म्हणून वाट बघत होते,
तर म्हणाली, "तू वाक."
माझ्या मानेमागे, पदर जिथून सरकतो तिथं,
तिनं ते चोळून चोळून लावलं.
तिच्या बोटांना अजून बोंडूचा रस होता.

झोंबलं.
"गार वाटतं?"
"गार," मी म्हटलं.

दोरीवर शर्ट निथळत होता,
बाह्या पूर्ण सोडलेल्या.
पाचपर्यंत वाळला नाही
तर ओलाच घालीन.