कधीची ते सांगा

सुरुवात बुडापासून.
डबी उपडी केली, दिव्याखाली धरली.
ना शिक्का, ना आकडा, ना कोरलेलं अक्षर.
कागदी चिठ्ठी असलीच कधी
तर धुण्याच्या पाण्यात केव्हाच गेली.

"आईची माझ्या," हेडविगबाई म्हणाल्या.
ऐंशीच्या पुढच्या. बव्हेरियाहून आलेल्या,
जावई बाहेर गाडीत, इंजिन चालूच.
"कधीची ते सांगा. किंमत नको."
याब्लोनेत्समध्ये असं म्हणणारे
शेवटी किंमत विचारतातच.
मी नुसती मान हलवली.

कडेनं नख फिरवलं.
साच्याचे सांधे दोन, लागतात न लागतात.
बूड हातानं घासून सपाट केलेलं, सवडीनं.
आत एक बुडबुडा, मोहरीएवढा,
काच दाबताना बाहेर पडायचा राहिलेला.
आणि खाली ओरखडे, सगळे एका दिशेचे:
डबी उचलत नसत, ओढत असत,
रोज, त्याच हातानं, त्याच बाजूला.
जुनेपणाचं सोंग करणारे गोल गोल घासतात.
माणसाचा हात इतका गोल वागत नाही.

झाकणावर पाच पाकळ्यांचं फूल,
तिसऱ्या पाकळीवर पुळी.
साच्याच्या लोखंडाला खड्डा पडला
की काचेला पुळी येते, आणि वाढत जाते.
माझ्या खणात याच फुलाच्या तीन डब्या आहेत,
त्यांची पुळी खसखशीएवढी.
हिची बाजरीच्या दाण्याएवढी.

इथे मी थांबले.
पडदा ओढला. जांभळा दिवा लावला.

डबी पेटली. काजव्याच्या पोटासारखी,
हिरवी, गार, आतून.
झाकण मात्र अंधारात बसून राहिलं.
दिवसा दोघी सख्ख्या बहिणी,
रंगात तसूभर फरक नाही.

"युरेनियम घालत तेव्हा," मी म्हणाले,
"युद्धानंतर कुणाला मिळेना.
बूड इथलं, पंचेचाळीसच्या आधीचं.
झाकण नंतरचं, दुसरीकडचं.
साचा मात्र तोच. दमलेला."

"बाबांच्या पाठपिशवीत होता,
आई म्हणे, पांघरूण घे, लोखंड कसलं नेतोस."
एवढं बोलून त्या गप्प झाल्या.
मी उगाच फडकं घेऊन काच पुसत बसले.

मग, दिव्याकडेच बघत:
"मालगाडीत मी पाडली होती. सहा वर्षांची होते.
झाकणाचे तीन तुकडे, मी मोजलेले.
पुढच्या हिवाळ्यात बराकीच्या खिडकीत
ही अख्खी. मी विचारलं.
आई म्हणाली, तुला ताप होता, स्वप्न पडलं असेल.
बाबा म्हणाले, स्वप्न.
एमिलसुद्धा, आणि एमिलला खोटं बोलता येत नसे.

रागावू नये म्हणून नाही हो,
मला वाईट वाटू नये म्हणून.

मग त्या गाडीतलं बाकीचंही
मी स्वप्नातच जमा केलं.
दाराशी टेकून बसलेली ती बाई,
निळ्या मफलरची,
सगळे उतरले तरी जी उतरली नाही."

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लांब.

नोंदवहीत 'काळ' या रकान्याला एकच ओळ असते.
मी बारीक अक्षरात दोन साल लिहिले,
मध्ये रेघ न ओढता. रेघ ओढली असती
तर अमुकपासून तमुकपर्यंत, असा अर्थ झाला असता.

"दिवा पुन्हा एकदा लावा," त्या म्हणाल्या.
लावला.
त्यांनी झाकण काढून बाजूला ठेवलं,
परत ठेवलं, परत काढलं.

किंमत विचारली नाही.
गुंडाळायला कागद घेतला तेव्हा म्हणाल्या,
एकात नको. दोन घ्या.